अकरा घरं, एक श्वास

पियानो तलावात उतरवायला सहा माणसं लागली, आणि त्या सहांपैकी एकानेही आयुष्यात कधी पियानो उचललेला नव्हता. मास्तर काठावर उभे राहून "हळू, हळू" म्हणत होते आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. शेवटी उथळ बाजूच्या उतारावर फळ्या टाकून, दोर बांधून, एकमेकांना शिव्या घालून त्या माणसांनी तो काळा पियानो खाली नेला. खोल बाजूच्या भिंतीपाशी, जिथे निळ्या टाइलवर पाण्याची खोली लिहिलेली होती, तिथे तो टेकवला.

तलाव अर्थातच रिकामा होता. शहरातल्या जुन्या पोहण्याच्या तलावातलं पाणी दुरुस्तीसाठी काढलं होतं, दुरुस्ती रखडली होती, आणि उन्हाळ्यातल्या छोट्या ऑपेरांच्या महोत्सवाला अशाच जागा लागतात. मोठी नाट्यगृहं मोठ्यांना. इथे एखाददुसरा गायक, एखादं वाद्य, साठ खुर्च्या आणि आजवर कुणी न केलेला काहीतरी उद्योग. मागच्या वर्षी एक संगीतिका बंद पडलेल्या लॉन्ड्रीत झाली होती. त्याच्या आदल्या वर्षी एक चक्क लिफ्टमध्ये, एका वेळी चार प्रेक्षकांसाठी. "आता विहीर तेवढी राहिली," असं मास्तर तेव्हा चिडून म्हणाले होते. बोलाफुलाला गाठ पडते ती अशी.

पण आवाज मात्र छान लागत होता. चारी बाजूंनी टाइल्स, वर काचेचं छप्पर. चमचा पडला तरी दोनदा ऐकू यायचा. दिग्दर्शिका बाई खुशीत होत्या. ध्वनिमुद्रण करणारी, जिला सगळे कानबाई म्हणत, ती मात्र कपाळाला हात लावून बसली होती. "इथे खोकलेलंसुद्धा सोमवारपर्यंत फिरत राहील," ती म्हणाली.

मास्तर म्हणजे पियानोवर साथ करणारे. पंचवीस वर्षं त्यांनी हेच केलं. साथीदाराचं निम्मं काम कानांचं असतं. गायक श्वास घेतो तेवढी फट साथीदाराने सोडायची, तीही अशी की ऐकणाऱ्याला फट वाटू नये. त्यासाठी प्रत्येक गायकाचे श्वास स्वरलिपीवर पेन्सिलीने टिपून ठेवतात, एकेक छोटा स्वल्पविराम. दुसरा गायक आला की जुने खोडायचे, नवे टिपायचे. या धंद्यात सगळेच तसं करतात. मास्तरांनी या खेपेला खोडले नव्हते. खोडरबर हातात घेऊन ते दोन संध्याकाळी बसले होते, आणि दोन्ही वेळा तसेच उठले होते.

कारण ते श्वास ताईचे होते. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. ही संगीतिका नऊ वर्षांपूर्वी तिच्यासाठीच लिहिली गेली होती. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या एका बाईचा नोकरीतला शेवटचा दिवस. दिवसभर ती लोकांना लोकांशी जोडून देते, आणि शेवटी सगळ्या लाइनी बंद झाल्यावर रिकाम्या लाइनवर एकटी गाते. एक गायिका, एक पियानो, पस्तीस मिनिटं. स्वरलिपीत उभ्या रेघा मारून घरं पाडलेली असतात. ती शेवटची ओळ अकरा घरांची होती, आणि संगीतकाराने तिच्यावर लिहून ठेवलं होतं, "एका श्वासात". ताईचा दमसास तेवढा होता. आता ताई नव्हती. गाणार होती तिची मुलगी, बिट्टी, वय वर्षं चोवीस, आणि दमाच्या बाबतीत आईच्याही वरताण.

पहिल्या तालमीत शेवटची ओळ आली. बिट्टीने फुप्फुसं भरून घेतली आणि सूर सोडला. एक घर, दोन, तीन. मास्तरांचे हात आपोआप चालत होते. सातव्या घरात ते थांबले.

मुद्दाम नाही. हात नुसते अडले, पट्ट्यांच्या बोटभर वर. बिट्टी एकटीच पुढे गेली, आठव्या घरात तिने मागे वळून पाहिलं आणि तिला हसू फुटलं.

"मामा, झोपलास का?"

"हात अडला."

"तिथे थांबायचं लिहिलंय का, मास्तर?" दिग्दर्शिका बाईंनी वरून, काठावरून विचारलं.

मास्तरांनी पानाकडे पाहिलं. सातव्या घरात कसलीही खूण नव्हती. असायचं कारणच नव्हतं. ताईने मागितली होती, त्यांनी टिपली नव्हती.

ती गोष्ट एवढीशीच होती. नऊ वर्षांपूर्वी याच महोत्सवात चार प्रयोग होते. त्या उन्हाळ्यात ताईला धाप लागत होती. धूळ आहे, म्हणायची. पहिल्या तीन प्रयोगांना तिने ती ओळ कशीबशी ओढून नेली. चौथ्या दिवशी मास्तर पट्ट्या पुसत होते तेव्हा ती शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "धाकट्या, सातव्या घरात मला जरा थांबशील? एवढंसं. कुणाला कळणारसुद्धा नाही." संगीतकार पहिल्या रांगेत बसणार होता. मास्तर तेव्हा ऐन भरात होते, आणि लयीचा त्यांना ताठा होता. "एका श्वासात लिहिलंय ताई," ते म्हणाले. "ज्याला जमत नाही त्याने गाऊ नये."

प्रयोगात सातव्या घरात तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ते थांबले नाहीत. तिचा आवाज फाटला आणि बंद झाला. उरलेली चार घरं पियानो एकटाच वाजला. ताईने वाकून नमस्कार केला आणि निघून गेली. त्यानंतर ती कधी गायली नाही. दोन महिन्यांनी फुप्फुसाचं दुखणं निघालं आणि हिवाळा संपायच्या आत ती गेली. इस्पितळात मास्तर तिच्या उशाशी बसायचे. तीन वेळा त्यांनी बोलायचं ठरवलं, आणि तिन्ही वेळा गाडी लावायला जागा मिळत नाही हेच सांगून आले. माणूस कसा असतो बघा. नऊ वर्षं त्यांना त्याची लाज वाटत होती, आणि ती सांगायला आता कुणी उरलं नव्हतं.

तालमीच्या दुसऱ्या दिवशी कानबाईने त्यांना खुणेने बोलावलं. ती उथळ बाजूच्या पायऱ्यांवर मशीन मांडून बसली होती. तिने त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवले. "सातवं घर ऐका," ती म्हणाली.

बिट्टीचा सूर होता, पियानो होता. आणि त्या दोन्हींच्या मधे, माइकच्या अगदी जवळ, कुणीतरी श्वास आत घेतला होता.

"बिट्टी इथे श्वास घेते?"

"छे," बिट्टी मागून म्हणाली. तिला राग आला होता. "अकराच्या अकरा घरं मी एका दमात म्हणते. सूर कुठे तुटलाय का बघ ना."

सूर कुठेही तुटला नव्हता. श्वास सुराच्या खालून गेला होता.

"टाइल्स असतील," मास्तर म्हणाले. "आवाज फिरतो म्हणालात ना तुम्ही."

"फिरतो. पण फिरायला आधी तो निघावा लागतो, मास्तर." कानबाईने तो तुकडा पुन्हा लावला. श्वासाच्या शेवटी नाकात बारीकसं काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं. लहानपणी ताई झोपाळ्यावरून तोंडावर पडली होती, तेव्हापासून तिचं नाक तसं वाजायचं. मास्तरांनी हेडफोन काढून ठेवले आणि चहा प्यायला गेले. चहा त्यांनी तसाच टाकून दिला.

मास्तर भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांनी व्यवस्थित शोध घेतला. पियानोचं पायपॅडल तपासलं, त्याला तेल दिलं. भिंतीतल्या पाणी सोडायच्या जाळ्या पाहिल्या. तिथून वारा येत असेल म्हणून त्यांवर कागद चिकटवले. आपलं स्वतःचंच नाक वाजत असेल म्हणून एकदा तोंडाने श्वास घेत संपूर्ण तालीम वाजवली. बिट्टी म्हणाली, "मामा, तू माशासारखा दिसतोयस." श्वास होता तिथेच होता.

पहिला प्रयोग संध्याकाळी पाच वाजता झाला. छपरातून उन्हाचे पट्टे तलावाच्या तळाशी पडले होते आणि प्रेक्षक हातातल्या कागदांनी वारा घेत होते. सातव्या घरात श्वास आला. मास्तरांनी दात आवळून लय सांभाळली. टाळ्या झाल्या. एक म्हातारी बाई काठीने टाइल्सवर टकटक करत बिट्टीपाशी आली आणि तिचा हात धरून म्हणाली, "किती सुरेख श्वास घेतेस गं तू. शेवटी शेवटी तर माझाच जीव वरखाली झाला." बिट्टी तोंडदेखलं हसली आणि मग अर्धा तास धुसफुसत होती.

दुसऱ्या प्रयोगात श्वास पाचव्या घरात आला, आणि पुन्हा सातव्यात.

तिसऱ्या प्रयोगात तो चौथ्यात आला, पाचव्यात आला, सहाव्यात आला. आता ते पुरे श्वासही नव्हते. वरवरचे, घाईघाईने ओढलेले, जिना चढून आलेल्या माणसासारखे. मास्तरांना ते ओळखीचे होते. इस्पितळात उशाशी बसून त्यांनी ते दिवसच्या दिवस ऐकले होते. सातव्या घरात मात्र काहीच आलं नाही. तिथे नुसती वाट पाहणारी शांतता होती, आणि तिच्यावरून त्यांची बोटं निघून गेली. वाजवता वाजवता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि पुढची दोन घरं त्यांनी न पाहता वाजवली.

चौथ्या दिवशी दुपारी ते बिट्टीला घेऊन पायऱ्यांवर बसले. शेवटचा प्रयोग होता, आणि मोठ्या ऑपेरागृहासाठी गायक निवडणारे एक गृहस्थ त्या प्रयोगाला येणार होते. त्यांनी या अकरा घरांबद्दल ऐकलं होतं आणि ती ऐकायलाच ते तीन तासांचा प्रवास करून येत होते. बिट्टी सकाळपासून कुणाशी धड बोलली नव्हती.

"बिट्टे, आज मी सातव्या घरात जरा थांबलो तर?"

"का? मला नको थांबायला. दम आहे मला."

"तुझ्यासाठी नाही."

बिट्टीने कानबाईचे हेडफोन एकदाच कानाला लावले होते आणि पुन्हा हात लावला नव्हता. "मग कुणासाठी?" असं तिने विचारलं नाही.

मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. पट्ट्या पुसत होतो, ती अशी येऊन उभी राहिली, मी असं म्हणालो. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडले आणि रिकाम्या तलावात दोनदा ऐकू आले.

"आईने कधी सांगितलं नाही मला," बिट्टी म्हणाली. बराच वेळ ती पायातल्या चपलेशी चाळा करत बसली. "मामा, ते गृहस्थ एकदाच येणारेत. मला हे एवढंच येतं रे. न तुटता गाणं. तू थांबलास की माझी ओळ तुटली. पुढच्या वर्षी थांब, दहा वेळा थांब. आज नको."

ती बरोबर बोलत होती. तिच्या आईला जे दिलं नाही ते तिच्या ताटातून काढून द्यायचं, हा कुठला न्याय? मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नाही थांबणार," ते म्हणाले. "शब्द देतो."

संध्याकाळी साठच्या साठ खुर्च्या भरल्या होत्या. ते गृहस्थ मधल्या रांगेत, मांडीवर टोपी ठेवून बसले होते. तीस मिनिटं सगळं सुरळीत पार पडलं. मग लाइनी बंद झाल्या, टेलिफोनवाली बाई एकटी उरली, आणि बिट्टीने सूर सोडला.

पहिल्या घरात श्वास आला. दुसऱ्यात दोन आले. तिसऱ्यात मास्तरांना ते मोजता येईनात.

चौथं घर. पाचवं. माइकच्या बाजूने, बिट्टीच्या आणि त्यांच्या मधे, कुणाला तरी हवा पुरत नव्हती.

सहाव्यात ते श्वास एकाएकी थांबले.

मास्तरांनी मान वर केली. बिट्टी प्रेक्षकांकडे तोंड करून गात होती. तिच्या शेजारी कुणीही नव्हतं. तरी आपल्याकडे मान वळवून कुणीतरी पाहतं आहे, हे त्यांना चेहऱ्यावर जाणवलं.

त्यांनी हात उचलले.

पियानो थांबला. बिट्टीचा सूर टाइल्सवरून एकटाच पुढे गेला, थरथरला, आणि तुटला. साठ माणसं जागच्या जागी बसून होती. हातातला कागदसुद्धा कुणी हलवत नव्हतं.

मग तो श्वास आला.

लांब, खोल, तळापर्यंत. घेतच राहिला. स्वरलिपीचं पान पियानोवरून उठून बिट्टीच्या दिशेने झुकलं आणि तसंच राहिलं. मास्तर थांबले. मनातल्या मनात ते म्हणाले, घे ताई, हवा तेवढा घे, मी आहे इथे.

पान परत बसलं.

बिट्टीने तोंड उघडलं आणि सातवं घर तुटल्या जागेपासून उचललं. आठवं. नववं. आवाज तिचाच होता. मास्तरांनी हात खाली ठेवले आणि साथ केली. अकरावं घर संपलं, पियानो संपला, आणि तिचा सूर मात्र आणखी बराच वेळ संपला नाही.

टाळ्या उशिरा सुरू झाल्या आणि मग थांबेचनात. ते गृहस्थ टोपी हातात घेऊन उतारावरून खाली आले. त्यांचे डोळे ओले होते. "ती शांतता," ते म्हणाले, "ती कुणाला सुचली? मी इतकी वर्षं ऐकतोय, ओळ अशी मधेच सोडून परत उचलायची छाती कुणाची झाली नाही." बिट्टीने मास्तरांकडे बोट दाखवलं. नंतर, सगळे गेल्यावर, मास्तर तिच्यापुढे येऊन उभे राहिले.

"शब्द मोडला मी."

"मोडलास," बिट्टी म्हणाली. मग तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. ती दमली होती. "असू दे. बरं वाटलं मला."

त्या रात्री मास्तरांना गाढ झोप लागली. नऊ वर्षांत तशी लागली नव्हती. छातीवरचं ओझं कुणीतरी अलगद उचलून नेलं, असं त्यांना वाटलं, आणि कुठे नेलं हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

सकाळी सामान आवरायला ते तलावावर गेले तेव्हा कानबाई केबल गुंडाळत होती. कालचं मुद्रण तिने दोनदा ऐकलं होतं. ती इतर वेळी बडबडी, पण आज जपून बोलत होती.

"मास्तर, तुम्ही थांबलात तिथला श्वास आलाय. स्वच्छ आलाय. आत घेतलेला."

"हं."

"सोडलेला कुठेच नाही. शेवटपर्यंत शोधला मी."

तिने केबल पेटीत ठेवली आणि पेटी बंद केली. मास्तर पियानोवरची पानं गोळा करून वर आले. बाहेर ऊन चढलं होतं. बिट्टी टेम्पोच्या मागच्या फळीवर पाय हलवत बसली होती आणि हातात फोन होता. मोठ्या ऑपेरागृहातून निरोप आला होता. तिची निवड झाली होती.

"ऐक ना," ती म्हणाली आणि मोठ्याने वाचायला लागली. "आपल्या आवाजाची... ताकद आणि आपला दमसास... पाहून आम्ही..." वाचता वाचता ती थांबली, पुढे गेली, पुन्हा थांबली. वाक्य साधं होतं. त्यात थांबण्याजोगं काहीच नव्हतं.

"परत वाच," मास्तर म्हणाले.

तिने परत वाचलं. ती त्याच त्याच ठिकाणी थांबली. मास्तरांच्या हातातली पानं हळूहळू वाकडी होत गेली. ती खाली ठेवायला हवीत हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

बिट्टीने फोनवरून नजर उचलली. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"असा काय बघतोस रे मामा," ती हसत म्हणाली, "तुला आनंद नाही का झाला?"

एवढंसं बोलायला तिला दोन श्वास लागले. तिच्या ते लक्षातही आलं नाही.